निकाल मागच्या पानावर: नो-लिमिट पोकरचा खेळ सुधारायचा कसा

दोनशे पानी वही घ्या. साधी, रेघांची. उजव्या पानावर डाव लिहायचा: कोण कुठे बसलं होतं, कोणाकडे किती चिप्स होत्या, पॉट (मधे जमलेला ढीग) किती झाला होता, माझ्या डोक्यात काय आलं आणि मी काय केलं. पानं उघडल्यावर काय निघालं, पॉट कोणी उचलला, हे तिथे लिहायचं नाही. ते पान उलटून मागच्या बाजूला.

नो-लिमिट होल्डेम, म्हणजे पोकरचा हा प्रकार, सुधारायला काय करू असं कोणी विचारलं की मी हे सांगतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला पुस्तकाचं नाव हवं असतं. पुस्तकं पुढे येतीलच, पण आधी वही आणि मग पुस्तक, असा क्रम ठेवा. मी उलटं केलं होतं. दोन वर्षं पुस्तकं वाचली, आणि शुक्रवारच्या आमच्या अड्ड्यावर पूर्वीच्याच चुका करत राहिलो, फक्त त्यांना आता भारदस्त इंग्रजी नावं मिळाली होती.

हातात दोन पानं, टेबलावर पाच (पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर), चार वेळा बोली, आणि कुठल्याही क्षणी समोरचा सगळा ढीग पुढे सरकवता येतो, एवढे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. तीन पत्तीवरून आलेल्यांना एक सूचना: तिथे हिमतीला जे मोल असतं ते इथे बसण्याच्या जागेला आहे. सगळ्यांच्या शेवटी बोलणारा माणूस, म्हणजे बटणावरचा, बाकीच्यांनी काय केलं ते बघून मग ठरवतो. हा फायदा किती मोठा आहे हे पटायला मला लाजिरवाणा वेळ लागला.

खेळायचं कुठे

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, भारतात बंद ठरवले. त्यामुळे ‘रोज रात्री मोबाइलवर दोन तास बस’ हा जुना सल्ला आता बाद. महाराष्ट्रात पत्त्यांवर पैसे लावले तर 1887 चा जुगारप्रतिबंधक कायदा आड येऊ शकतो. कॅसिनोंसाठी राज्याने 1976 मध्ये एक कायदा केला होता; तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यात पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर आणि काही पंचतारांकित हॉटेलांत कॅसिनो कायदेशीर आहेत. वय 21 पूर्ण हवं. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना ऑनलाइन पोकर 2013 पासून कायदेशीर मार्गाने खेळता येतं.

आमचा अड्डा पुण्यातला, सात जणांचा, पैशांशिवायचा. आम्ही चिप्सऐवजी चिंचोके वापरतो, लहानपणी सारीपाटाला वापरायचे तसे. फुकटच्या खेळात एक अडचण हमखास येते: कोणी पानं टाकतच नाही, म्हणजे डाव सोडतच नाही. हरलं तर काय जातंय? यावर आम्ही तीन महिन्यांचा गुणतक्ता केला. रात्र संपताना प्रत्येकाचे चिंचोके मोजायचे आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहायचे. तळाला तिसऱ्यांदा नाव आलं की माणूस आपोआप विचार करून खेळायला लागतो.

कायदेशीर जागी पैशांवर खेळणार असाल तर खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे हवेत. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या रकमा, एक छोटी आणि एक मोठी (बिग). ज्या टेबलावर बसताना 100 बिग ब्लाइंड घ्यायचे, तिथे नियमित खेळणाऱ्याकडे अशा 20 ते 30 वेळांची रक्कम बाजूला असावी असा खेळाडूंमधला जुना ठोकताळा आहे. वर्षातून दोनदा गोव्याला जाणाऱ्याने एवढा विचार करू नये. बुडाले तरी चालतील एवढेच न्यावेत आणि एटीएम कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवून जहाजावर चढावं. उधार घेऊन बसायची वेळ आली, किंवा घरी आकडा खोटा सांगावासा वाटला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि खेळही.

पहिले चार आठवडे नुसते लिहा

कुठले डाव लिहायचे? मोठे पॉट लिहू नका, निदान तेवढेच लिहू नका. ते तसेही लक्षात राहतात आणि बहुतेक वेळा त्यांत शिकण्यासारखं थोडंच असतं. माझा एक्का-एक्का, त्याचा राजा-राजा, सगळं आत, रिव्हरला राजा आला: या डावात लिहायचं काय? फ्लॉपआधी एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे शंभरातून साधारण 82 वेळा जिंकते, म्हणजे 18 वेळा हरते. ही गोष्ट चहाबरोबर सांगायला ठीक.

जिथे तुम्ही थबकलात ते डाव लिहा. चार चिंचोक्यांचा प्रश्न असला तरी. टेबलावर बसून वही उघडायची गरज नाही. मोबाइलमध्ये ‘बटण, राजा-सत्ती, काकांनी 5, मी कॉल, का?’ (कॉल म्हणजे समोरच्याने लावलंय तेवढंच टाकणं) एवढं टिपलं तरी घरी गेल्यावर बाकीचं आठवतं. मात्र त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत मेंदू आपल्याला सोयीची कारणं तयार करून ठेवतो.

दुसरं मोजमाप याहून सोपं आहे. खिशात मूठभर शेंगदाणे ठेवा. ब्लाइंड सोडून स्वतःच्या मर्जीने पॉटमध्ये चिप्स टाकल्या की एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. रात्रभरात साधारण किती डाव वाटले गेले ते माहीत असतं. सहा-सात जणांच्या टेबलावर विचाराने खेळणारा माणूस शंभरातले पंचवीसच्या आसपास डाव खेळतो. पहिल्या रात्री मी 100 डावांत 46 दाणे सरकवले. शिवाय अकरा खाल्ले होते, म्हणजे खरा आकडा आणखी वाईट असणार.

चार आठवड्यांनी वहीत 43 डाव जमले. मला खात्री होती की माझा प्रश्न रिव्हरवरचा आहे: लोकांचे ब्लफ मला पकडता येत नाहीत. पानांची वर्गवारी करायला बसलो, जमिनीवर कागद मांडून, आणि 43 पैकी 17 डावांची सुरुवात एकाच जागी निघाली. छोटा ब्लाइंड. ‘अर्धे पैसे आधीच टाकलेत, अर्धे टाकू’ असं म्हणून राजा-सत्ती, गुलाम-अठ्ठी असले हात घेऊन मी आत शिरत होतो आणि पुढच्या तीनही फेऱ्यांत सगळ्यांच्या आधी बोलत होतो. रिव्हरवरचा गोंधळ फ्लॉपआधीच पेरलेला होता. कुठल्याही पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत हे लिहिलेलं असतं आणि मी ते वाचलंही होतं. पण पुस्तकात ते ‘नवशिक्यांची चूक’ या नावाखाली होतं, आणि स्वतःला नवशिका कोण समजतं?

पाठ असायलाच हवा असा हिशोब

फार गणित नाही, पाढ्यांइतकंच आहे. पण टेबलावर बोटं मोजायला वेळ नसतो.

समोरच्याने पॉटच्या निम्मं लावलं, म्हणजे 100 च्या पॉटमध्ये 50, तर तुम्ही 50 टाकल्यावर पॉट 200 होतो. 50 भागिले 200, म्हणजे 25 टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. त्याने पूर्ण पॉटएवढं लावलं तर 33 टक्के. दोन तृतीयांश लावलं तर 29 च्या आसपास.

तुम्ही ब्लफ मारत असाल तर आरसा उलटा धरायचा. निम्म्या पॉटचा ब्लफ समोरच्याने तीनातून एकदा पानं टाकली तरी फिटतो. पूर्ण पॉटचा ब्लफ दोनातून एकदा. निम्म्याचा ब्लफ स्वस्त का वाटतो ते इथे दिसतं, आणि ‘मोठा ब्लफ म्हणजे शूर ब्लफ’ ही समजूत किती महाग आहे तेही.

ड्रॉचं, म्हणजे अजून एखादं पान लागल्यावरच पूर्ण होणाऱ्या हाताचं गणित: फ्लॉपवर चार इस्पिक झाले असतील तर उरलेली इस्पिकं नऊ. पुढच्या एका पानावर लागायची शक्यता 19 टक्के, दोन्ही पानं बघायला मिळाली तर 35. दोन्ही टोकांना उघडा सिक्वेन्स असेल तर आठ पानं, 31 टक्के. मधलं एकच पान हवं असेल तर चार, 16 टक्के. पानांची संख्या गुणिले दोन म्हणजे एका पानाची शक्यता, गुणिले चार म्हणजे दोन पानांची. टेबलावर एवढा अंदाज पुरतो. छोटी जोडी धरून फ्लॉपवर तिसरं पान मिळण्याची शक्यता आठ-साडेआठातून एकदा. एक्का-राजा हातात असताना फ्लॉपवर दोघांपैकी काहीच न येण्याची वेळ तीनातून दोनदा. तेव्हा ‘एक्का-राजा मला कधी लागतच नाही’ ही तक्रार सगळ्यांचीच असते.

शेवटचं आणि सगळ्यांत उपयोगी: हातातल्या दोन पानांचे प्रकार मोजणं. बावन्न पानांतून दोन पानं 1326 प्रकारे वाटली जाऊ शकतात. कुठलीही एक जोडी, समजा दश्शी-दश्शी, सहा प्रकारे. एक्का-राजा 16 प्रकारे, त्यांतले चार एकाच रंगाचे आणि बारा वेगवेगळ्या. म्हणजे समोरच्याकडे ‘एक्का-एक्का किंवा एक्का-राजा’ आहे असं वाटत असेल, तर पानं वाटण्यापुरतं बघितलं तरी एक्का-राजा असण्याची शक्यता अडीच पटीहून जास्त. टेबलावर एखादा एक्का दिसला की हे आकडे घसरतात. हे घसरणं मोजता आलं की खेळ बदलतो. कसा, ते एका डावात दाखवतो.

एक डाव, जवळून

ब्लाइंड 1 आणि 2. प्रत्येकाकडे 200 चिंचोके. बटणावर आमच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले काका. काका 5 करतात. मी बिग ब्लाइंडवर चौकटचा राजा आणि बदामची राणी घेऊन कॉल. पॉट 11.

फ्लॉप: इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी, चौकट चौकी. मी चेक, म्हणजे काही न लावता बोली पुढे, काका 6, मी कॉल. पॉट 23.

टर्न: किलवर दुर्री. मी चेक, काका 15, मी कॉल. पॉट 53.

रिव्हर: बदाम दुर्री. मी चेक. काका चष्मा वर सरकवतात आणि 40 पुढे ठेवतात.

चष्म्यावर मी पूर्वी बरंच वाचलं असतं. आता आधी भागाकार: 40 टाकून पॉट 133 होतो, 30 टक्के वेळा जिंकायला हवं.

आता मोजू. मला हरवणारे कुठले हात घेऊन काका तीनही वेळा लावतील? एक्का-राणी: एक्के चार, पण राण्या दोनच उरल्यात, एक टेबलावर आणि एक माझ्याकडे, म्हणून आठ प्रकार. एक्का-एक्का सहा. राजा-राजा तीन, कारण एक राजा माझ्याकडे. राणी-राणी फक्त एक. अठ्ठीची जोडी तीन, चौकीची जोडी तीन. एकाच रंगाची राणी-अठ्ठी दोन. बेरीज 26. दुर्रीवाले एक-दोन हात सोडून दिले.

आणि मी कुठल्या हातांना हरवतो? दोन इस्पिक धरून आलेले आणि न लागलेले. काका बटणावरून एकरंगी एक्के सगळे खेळतात: इस्पिकचा एक्का आणि राजा, गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, चौकी, तिर्री यांपैकी एक, असे नऊ. राजाबरोबर गुलाम, दश्शी, नव्वी असे तीन. गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी तीन. खालचे नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की, छक्की-पंजी तीन. एकूण 18.

हे अठराही हात काका शेवटपर्यंत रेटत असतील तर मी 44 पैकी 18 वेळा जिंकतो, 41 टक्के. कॉल डोळे मिटून. अर्ध्या हातांवर त्यांची हिंमत रिव्हरला सुटत असेल तर 35 पैकी 9, जेमतेम 26 टक्के, पानं टाकायची. बरोबरीची रेघ अकरा-बारा ब्लफांवर आहे. शिवाय काका राणी-गुलामावरही 40 लावणारे असतील तर आठ हात माझ्या बाजूला आणखी वाढतात.

म्हणजे ‘माझ्याकडे वरची जोडी आहे आणि राजा सोबत आहे, कॉल करू की नको’ हा प्रश्नच चुकीचा होता. काका न लागलेला ड्रॉ तिसऱ्यांदा रेटतात का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या हातात नाही, गेल्या सहा शुक्रवारांच्या वहीत आहे. आणखी एक बारकावा बघा. माझा राजा चौकटचा होता. तोच इस्पिकचा असता तर एक्का-राजा आणि राजाबरोबरचे तीन, असे त्यांचे चार ब्लफ एका झटक्यात गेले असते. 18 चे 14. हरवणाऱ्या हातांची संख्या तीच राहिली असती. दिसायला तोच हात, किंमत कमी.

टेबलावर एवढं सगळं होत नाही. मला हे मोजायला घरी पाऊण तास लागला, तोही पहिल्यांदा चुकला, कारण टेबलावरची राणी मी दोनदा धरली. पण असे दहा-बारा डाव मोजले की टेबलावर ‘इथे ब्लफ पुरेसे आहेत’ किंवा ‘इथे नाहीत’ असा अंदाज बसायला लागतो. काकांनी काय दाखवलं ते मागच्या पानावर आहे. ते तुम्हाला सांगत नाही.

आता पुस्तकं

वहीने प्रश्न दिला की पुस्तक निवडणं सोपं होतं. तीन-चार पुरेत.

डेव्हिड स्क्लान्स्की यांचं ‘द थिअरी ऑफ पोकर’ जुनं आहे आणि त्यातली बरीच उदाहरणं नो-लिमिट होल्डेमची नाहीतच. तरी पहिलं तेच घ्या, कारण ते विचार करायला शिकवतं. त्याचा गाभा असा: समोरच्याची पानं दिसत असती तर तुम्ही जे केलं असतं, त्याहून वेगळं करायला लागलात की तुमचं नुकसान आणि त्याचा फायदा. वर काकांच्या डावात आपण केलं ते याचंच रूप, फक्त एका हाताऐवजी त्यांच्या सगळ्या संभाव्य हातांशी. आठवड्याला एकच प्रकरण वाचा.

डॅन हॅरिंग्टन हे 1995 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचे विजेते. 2003 आणि 2004 या लागोपाठच्या वर्षी, आधी 839 आणि मग 2,576 खेळाडूंच्या गर्दीतून, ते पुन्हा अंतिम टेबलावर पोहोचले. बिल रॉबर्टी यांच्याबरोबर लिहिलेल्या त्यांच्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’चा पहिला भाग 2004 चा. स्पर्धांसाठी लिहिलेलं आहे, आणि त्यातले सल्ले आजच्या मानाने सोवळे वाटतात. मग का वाचायचं? प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी डाव प्रश्नाच्या रूपात दिलेत म्हणून. वाचताना उत्तरावर पोस्टकार्ड झाका आणि आपलं उत्तर कारणासह आधी वहीत लिहा. नुसतं वाचत गेलं की प्रत्येक उत्तर ‘हो, मीही हेच केलं असतं’ असं वाटतं. पहिल्या वीस प्रश्नांत मी आठ बरोबर सोडवले, त्यातही तिघांची कारणं चुकीची.

अँड्र्यू ब्रोकोस यांचं ‘प्ले ऑप्टिमल पोकर’ त्यानंतर. छोट्या, बनवलेल्या खेळांतून, मोजक्या पत्त्यांत, समतोल म्हणजे काय ते ते समजावतात. गणिताची भीती असलेल्यांनी विशेष वाचावं. चौथं पुस्तक डोक्याबद्दलचं, त्याकडे शेवटी येतो.

यापलीकडे दुकानातून आणखी आणू नका. माझ्या कपाटात चौदा आहेत आणि त्यांतली नऊ म्हणजे खेळायला न बसण्याची सबब होती.

टेबलाबाहेरचा सराव

एक जोड पत्ते आणि जेवणाचं टेबल. पानं पिसा, तीन उघडी मांडा, आणि दहा सेकंदांत सांगा की या फ्लॉपवर सर्वांत मोठा हात कुठला. मग चौथं पान, मग पाचवं. वरचाच डाव घ्या: फ्लॉपवर राणीची जोडी सर्वांत मोठी, टर्नवरही तीच. रिव्हरला दुसरी दुर्री आली की बरेच जण ‘राणीचा फुल हाउस’ (तीन राण्या, दोन दुर्र्या) म्हणतात आणि फसतात. हातात दोन दुर्र्या असलेला चार दुर्र्यांनी वर जातो. रोज वीस फ्लॉप, पंधरा मिनिटं. महिनाभराने डोळा आपोआप तिथे जातो.

दुसरा सराव खेळता खेळता. पानं टाकल्यावर मोबाइल काढायचा नाही. उरलेल्या दोघांचा डाव बघायचा, आणि पानं उघडण्याआधी प्रत्येकाचे तीन संभाव्य हात मनात धरायचे. उघडल्यावर तीनांत होता का? हो किंवा नाही, एवढीच खूण करायची. सुरुवातीला माझी दहातून एकदा खूण व्हायची. वर्षभराने तीन-चारदा होते, आणि जिथे होत नाही तिथेही निदान ‘एवढा मोठा हात असेल’ किंवा ‘हवा होती’ हे कळतं. सगळ्या सरावांत माझा सर्वांत आवडता हाच, कारण पानं टाकून बसण्याचा कंटाळा यामुळे गेला, आणि डाव्या खिशातले दाणे कमी झाले.

तिसरा: फ्लॉपआधी कुठल्या जागेवरून कुठले हात खेळायचे याचा तक्ता. लिहून स्वयंपाकघरात लावा आणि पाठ करा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

संगणकाची मदत घ्यायची तर इक्विलॅबसारखी इक्विटी, म्हणजे हात जिंकण्याची शक्यता, मोजणारी साधनं आधी. सॉल्व्हर, म्हणजे अचूक खेळ शोधून देणारे प्रोग्रॅम, नंतर, बरंच नंतर. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक 1,20,000 डाव खेळून त्यांना हरवलं. पॉटच्या कितीतरी पट लावणाऱ्या त्याच्या बेट बघून तेही चक्रावले होते. पायोसॉल्व्हरसारखी साधनं आज घरच्या संगणकावर चालतात. पण सॉल्व्हर समोरचाही अचूक खेळतो असं धरून उत्तर देतो, आणि आमच्या काकांना हे कोणी कळवलेलं नाही. सॉल्व्हरला उत्तर विचारण्याआधी आपलं उत्तर लिहा, आणि फरक पडला तर ‘का’ एवढंच शोधा. आकडे पाठ करू नका.

स्वतःला मार्क कसे द्यायचे

जिंकलो की चांगलं खेळलो, हा हिशोब का चालत नाही ते एकदा आकड्यांत बघू. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात, दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड जिंकता. सहा जणांच्या टेबलावर दर 100 डावांचा चढउतार साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड असतो; 90 धरू. 10,000 डावांनंतर अपेक्षित कमाई 500, आणि चढउतार 900. म्हणजे तुमच्यासारखे दहा चांगले खेळाडू बसले तर त्यांतले जवळजवळ तिघे 10,000 डावांनंतरही तोट्यात असणार. एक लाख डाव खेळल्यावर हे प्रमाण शंभरातून चारावर येतं.

आता आमचा अड्डा. हाताने पानं वाटताना तासाला 25 ते 30 डाव होतात. आठवड्याला चार तास, म्हणजे 110 डाव. 10,000 व्हायला पावणेदोन वर्षं. एक लाखाची तर गोष्टच सोडा.

म्हणून निकाल मागच्या पानावर. महिन्यातून एकदा वहीतली पुढची पानं एखाद्या मित्राला द्या, मागची बाजू न दाखवता. आम्ही चौघं हे आळीपाळीने करतो. वाचणाऱ्याने प्रत्येक पानाला अ, ब, किंवा क द्यायचा: अ म्हणजे निर्णय बरोबर, ब म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येईल, क म्हणजे चूक. मी स्वतःही आधीच दिलेला असतो. दोघांचं जुळलं नाही की त्या डावावर बसायचं, काकांच्या डावासारखे प्रकार मोजत. मागे काय लिहिलंय ते अगदी शेवटी. पहिल्या महिन्यात मित्राने माझ्या एका पानाला क दिला आणि मी हट्टाने म्हणालो, “अरे, पण मी तो डाव जिंकलो होतो.” तो म्हणाला, “ते मला कसं कळणार? आणि मला का कळावं?”

क मिळालेल्या पानांचा गठ्ठा वेगळा ठेवा. सगळ्यांत जाड गठ्ठा ज्या जागेचा, तेवढीच एक गोष्ट पुढच्या महिन्यात सुधारायची. दोन घेतल्या की दोन्ही राहतात.

डोकं फिरतं तेव्हा

जॅरेड टेंडलर यांच्या ‘द मेंटल गेम ऑफ पोकर’मध्ये एक उपमा आहे. झाडावरची ती अळी आठवा, सोयाबीनवर पडते ती उंटअळी: पुढचं टोक पुढे टाकते, मग पाठीला कमान करून मागचं टोक ओढून घेते. माणसाचा खेळ असाच सरकतो. सगळे जण पुढचं टोक ताणत राहतात, नवीन युक्त्या शिकतात. मागचं टोक, म्हणजे आपला सर्वांत वाईट खेळ, तिथेच चिकटून राहतो.

त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावर आपला सर्वांत वाईट खेळ कसा दिसतो ते तीन ओळींत लिहा. माझ्या ओळी अशा: कॉल करताना तोंडातून ‘बघू तरी’ निघतं. पॉट किती झाला ते डीलरला विचारावं लागतं. मागच्या डावाबद्दल शेजाऱ्याला सांगत असतो. यांपैकी एकही घडलं की एक पूर्ण फेरी उठायचं, पाणी प्यायचं, गॅलरीत जायचं. पॉट हरल्यावर उठायचं हा सगळ्यांचा नियम असतो. मोठा पॉट जिंकल्यावरही उठायचं हा मी जोडलाय, कारण माझे ‘बघू तरी’ चिंचोके जास्त झाल्यावर वाढतात, हेही वहीनेच दाखवलं. दोन वेळा भरलेला ढीग संपला की त्या रात्री मी पानं वाटायचं काम घेतो.

सध्या चौथी वही चालू आहे. शुक्रवारी निघण्याआधी मी तिचं कव्हर उघडतो. आतल्या बाजूला त्या महिन्याची एकच ओळ पेन्सिलीने लिहिलेली असते, पुढच्या महिन्यात खोडता यावी म्हणून. या महिन्याची: ‘छोट्या ब्लाइंडवरून कॉल नाही. वाढव, नाहीतर टाक.’ ही ओळ तिसऱ्यांदा लिहिली आहे.